प्रकल्पांचा संच निवडताना बेसलाइन कशी ठरवावी

प्रकल्पांना अनेक निकषांवर गुण द्यायचे, वेटेज (प्रत्येक निकषाला दिलेलं वजन) लावून बेरीज करायची आणि बजेटात बसतील तेवढे प्रकल्प उचलायचे, ही पद्धत सर्रास वापरली जाते. तिच्यात एक चूक हमखास होते. न निवडलेल्या प्रकल्पाचे गुण शून्य धरले जातात, पण ते शून्य म्हणजे नेमकी कोणती परिस्थिती हे कोणी विचारत नाही. चूक पकडायला अवघड, कारण एकेका प्रकल्पाची क्रमवारी बरोबरच दिसते. बिघडते ती संचाची निवड. निर्णयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट क्लेमन आणि जेम्स स्मिथ यांनी २००९ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता, तरी अजून कितीतरी तक्त्यांत बेसलाइनसाठी, म्हणजे प्रकल्प न केल्यास असणाऱ्या स्थितीच्या गुणांसाठी, साधा एक स्तंभही नसतो.

खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. आधी गुणांची मोजपट्टी आखून मग 'प्रकल्प केला नाही तर काय' याचा विचार केला, तर पट्टी अपुरी पडते आणि वेटेज पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं.

## १. बेसलाइनमुळे फरक पडणार आहे का, ते आधी बघा

बरोबर पाचच प्रकल्प निवडायचे आहेत, एक कमी नाही की एक जास्त नाही, आणि कोणताही प्रकल्प सोडला तरी परिणाम सारखाच आहे, असं असेल तर बेसलाइन काहीही धरा. प्रत्येक संचातून तीच रक्कम पाच वेळा वजा होते, क्रम बदलत नाही. अशा वेळी पुढचा खटाटोप वाचतो.

मात्र खालीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल, तर बेसलाइन काळजीपूर्वक ठरवावीच लागेल:

- बजेट ठरलेलं आहे, पण प्रकल्पांचे खर्च वेगवेगळे आहेत. म्हणजे कधी दोन प्रकल्प बसतील, कधी चार.
- काही पैसे न वापरता शिल्लक ठेवण्याची मुभा आहे.
- 'गुण भागिले खर्च' असं गुणोत्तर काढून यादी लावली जाते.
- काही प्रकल्प सोडले तर काही बिघडत नाही, काही सोडले तर परिस्थिती खालावते.

सावधान: गुणोत्तराच्या यादीत ही चूक सर्वांत जास्त नुकसान करते. बेसलाइन वजा न केल्यामुळे मिळणारे फुकटचे गुण प्रत्येक प्रकल्पाला सारखेच असतात, पण भागाकारानंतर स्वस्त प्रकल्पाला त्यांचा फायदा कितीतरी पट जास्त होतो. छोट्या प्रकल्पांची लांबलचक यादी वर आणि मोठा प्रकल्प तळाला, असं दिसलं की आधी बेसलाइन तपासा.

## २. 'केला नाही तर काय होईल' हे लिहून काढा

गुण द्यायला बसण्याआधी प्रत्येक प्रकल्पासाठी चार-पाच ओळी लिहा. किती वर्षांचा काळ धरला आहे, त्या काळात काय तसंच चालू राहील, काय खालावेल, कोणतं काम कोणीतरी दुसरं करेलच आणि कोणता खर्च टळणारच नाही, एवढं त्यात आलं पाहिजे.

बेसलाइन म्हणून चार वेगवेगळ्या गोष्टी धरल्या जातात आणि त्यांची सरमिसळ होते:

1. आजची स्थिती.
2. प्रकल्प न करता पुढे जे घडेल ते.
3. अटळ तेवढंच काम करून पुढे जे घडेल ते.
4. मोजपट्टीचं तळाचं टोक.

योग्य निवड साधारणपणे दुसरी किंवा तिसरी असते. कायद्याने किंवा कराराने काही किमान काम करावंच लागणार असेल तर तिसरी, नाहीतर दुसरी. पहिली फक्त तेव्हाच चालते, जेव्हा परिस्थिती खरोखर आहे तशीच राहणार असते. चौथी कोणी ठरवून निवडत नाही. बेसलाइन न लिहिल्यामुळे ती आपोआप लागू होते.

पहिल्या आणि दुसऱ्यात किती अंतर पडतं ते पाहा. जुनी सर्व्हर यंत्रणा आज वर्षाला २० तास बंद पडते. ती बदलली नाही तर पाच वर्षांनी ६० तास बंद पडेल असा अंदाज आहे. बदलली तर १० तास. आजच्या स्थितीशी तुलना केली तर फायदा १० तासांचा, न बदलल्यास जे होईल त्याच्याशी केली तर ५० तासांचा. देखभाल-दुरुस्तीचे प्रकल्प यादीत कायम मागे पडतात त्याचं मोठं कारण हेच आहे. उलट बाजूनेही हेच घडतं. जी सुधारणा आपोआप होणारच आहे तिचं श्रेय प्रकल्पाला दिलं की त्याचा फायदा फुगतो.

दोन प्रसंग नेहमी चुकतात, म्हणून ते वेगळे सांगतो. चालू प्रकल्प पुढे न्यायचा का, हा प्रश्न असेल तर 'न करणे' म्हणजे आज काम थांबवणे. आतापर्यंत झालेला खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, तो मोजू नका. थांबवण्यासाठी दंड किंवा आवराआवरीचा खर्च येणार असेल, तर तो पुढच्या खर्चातून वजा करा, कारण काम पुढे नेलं तर तो खर्च वाचतो. दुसरा प्रसंग: 'यंदा नाही' याचा खरा अर्थ 'पुढच्या वर्षी' असा असेल, तर बेसलाइनमध्ये पुढच्या वर्षी होणारा तोच प्रकल्प येतो आणि यंदा करण्याचा फायदा फक्त एका वर्षाचा उरतो.

तपासणी: या ओळी प्रस्ताव मांडणाऱ्याने लिहिल्या असतील, तर प्रस्तावाशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून वाचून घ्या. 'केला नाही तर सगळं कोसळेल' असं चित्र रंगवणं मांडणाऱ्याच्या सोयीचं असतं.

## ३. प्रत्येक निकषाला 'न केल्यास' पातळी आहे का, ते बघा

निकषांची यादी घ्या आणि प्रत्येकासमोर प्रकल्प न केल्यास पातळी काय राहील ते लिहा. मिळकतीसारख्या निकषात ती बहुधा शून्याजवळ असते. पण धोका, प्रदूषण, रहिवाशांना होणारा त्रास अशा निकषांत प्रकल्पच नसेल तर त्रासही नाही, म्हणजे पातळी सर्वांत चांगली. सगळा घोटाळा इथे जन्माला येतो. तक्ता न केलेल्या प्रकल्पाला शून्य देतो. म्हणजे तो प्रकल्प न करूनही जास्तीत जास्त प्रदूषण झालं, असं तो धरून चालतो.

काही निकषांसमोर तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही: 'धोरणाशी सुसंगतता', 'टीमची तयारी', 'तांत्रिक सोपेपणा'. ही प्रकल्पाची वैशिष्ट्यं आहेत, परिणाम नाहीत. प्रकल्प झालाच नाही तर टीमच्या तयारीला अर्थ उरत नाही. अशा निकषांसाठी वाटा तीन:

- परिणामाच्या भाषेत बदला. 'सुसंगतता'ऐवजी ठरलेल्या उद्दिष्टाकडे किती प्रगती होईल, असं मोजा.
- चाळणी म्हणून वापरा. किमान पातळी गाठली नाही तर प्रकल्प यादीतच घेऊ नका. गाठली तर पुढे गुण देऊ नका.
- टीमची तयारी आणि तांत्रिक सोपेपणा यशाच्या शक्यतेत धरा (टप्पा ७).

खर्च बजेटच्या मर्यादेत धरला असेल तर तो पुन्हा निकष म्हणून घेऊ नका. नाहीतर महाग प्रकल्पाला दोनदा शिक्षा होते.

## ४. मोजपट्टी आणि वेटेज

मोजपट्टीची दोन्ही टोकं अशी ठेवा की सगळे प्रकल्प आणि सगळ्या 'न केल्यास' पातळ्या तिच्यात मावतील. टोकं एकदा ठरली की ती गोठवा.

वेटेज विचारताना 'कोणता निकष जास्त महत्त्वाचा?' असं विचारू नका. 'या निकषावर तळापासून टोकापर्यंत झेप आणि त्या निकषावर तळापासून टोकापर्यंत झेप, यांतली कोणती जास्त मोलाची?' असं विचारा. वेटेज पट्टीच्या लांबीशी बांधलेलं असतं. पट्टी बदलली आणि वेटेज तसंच ठेवलं, तर निकाल निरर्थक होतो.

नेहमीच्या तीन चुका:

सर्वांत कमी गुणांच्या प्रकल्पाला शून्य, सर्वांत जास्तला शंभर. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र सोपं पडतं म्हणून वापरलं जातं. मग एखादा वाईट प्रस्ताव यादीत आला की शून्य खाली सरकतं आणि बाकी सगळे प्रकल्प अचानक चांगले दिसू लागतात.

१ ते ५ चा गुणपट. त्यातला '१' म्हणजे 'अगदी कमी', 'काहीच नाही' नव्हे. सगळ्या निकषांवर १ मिळवणाऱ्या प्रकल्पाचीही वेटेज लावलेली बेरीज १ येते आणि तो संचात भर घालतो, असं दिसतं. शिवाय 'न केल्यास' ही पातळी एखाद्या निकषात ३ वर, तर दुसऱ्यात ५ वर असू शकते.

कच्च्या आकड्यांची वजाबाकी. गुण आकड्यांच्या सरळ प्रमाणात नसतील तर आधी गुण काढा, मग वजा करा. समजा, प्रशिक्षित कर्मचारी ० असतील तर ० गुण, १०० असतील तर ६० आणि २०० असतील तर १००. प्रकल्प न करताही १०० जण प्रशिक्षित होणार आहेत, केला तर २०० होतील. बरोबर उत्तर १०० − ६० = ४० गुण. 'फरक १०० जणांचा, म्हणून ६० गुण' हे उत्तर चूक.

## ५. बेसलाइनचे गुण काढा आणि वजा करा

'न केल्यास' पातळ्यांना त्याच मोजपट्टीने गुण द्या, तेच वेटेज लावा, बेरीज करा. ही झाली बेसलाइन. मग:

निव्वळ गुण = प्रकल्प केल्यास गुण − प्रकल्प न केल्यास गुण

एक उदाहरण आकड्यांनिशी. निकष दोन: लाभ (वेटेज ०.६) आणि सुरक्षितता (वेटेज ०.४), दोन्ही पट्ट्या ० ते १००. प्रकल्प न केल्यास लाभ ०, पण नवा धोकाही नाही, म्हणून सुरक्षितता १००. बेसलाइन = ०.६ × ० + ०.४ × १०० = ४०. बजेट १२० एकके.

| प्रकल्प | खर्च | लाभ | सुरक्षितता | एकूण गुण | निव्वळ गुण |
|---|---|---|---|---|---|
| अ | १०० | १०० | ८० | ९२ | ५२ |
| ब | ५० | ४० | ७० | ५२ | १२ |
| क | ५० | ५० | ६० | ५४ | १४ |
| ड | २० | २० | ५० | ३२ | −८ |

दोन्ही स्तंभांत क्रमवारी एकच: अ, क, ब, ड. म्हणूनच कोणाला शंका येत नाही. आता संच बघा. 'एकूण गुण' वापरले तर ब + क + ड = १३८ आणि अ + ड = १२४, म्हणजे पहिला संच जिंकतो आणि बजेट पूर्ण वापरलं जातं. 'निव्वळ गुण' वापरले तर ब + क + ड = १८, ब + क = २६, अ + ड = ४४ आणि एकटा अ = ५२. योग्य निर्णय: फक्त अ, आणि २० एकके शिल्लक. पहिल्या पद्धतीने सर्वांत चांगला प्रकल्प बाहेर राहिला आणि केल्याने नुकसानच होईल असा ड आत आला.

गुणोत्तरातही तेच दिसतं. एकूण गुण भागिले खर्च: अ ०.९२, ब १.०४, क १.०८, ड १.६०. ड चक्क पहिला! निव्वळ गुणांनी: अ ०.५२, क ०.२८, ब ०.२४, ड उणे.

'न केल्यास' पातळी थेट लिहिणं शक्यच नसेल, तर निर्णय घेणाऱ्यांना हा प्रश्न विचारा: 'कसा प्रकल्प फुकट मिळाला, तरी घ्यावा की सोडावा हे तुम्हाला सारखंच वाटेल?' अशा काल्पनिक प्रकल्पाची प्रत्येक निकषावरची पातळी लिहून घ्या. त्याचे एकूण गुण हीच बेसलाइन. उत्तर लगेच येत नाही. उदाहरणादाखल एक दुबळा प्रकल्प समोर ठेवा, 'फुकट मिळाला तर घ्याल?' असं विचारा आणि 'हो' म्हणाले तर आणखी दुबळा करत जा.

## ६. तक्त्याच्या दोन चाचण्या

रिकामा प्रकल्प. तक्त्यात एक ओळ वाढवा: खर्च शून्य आणि प्रत्येक निकषावर 'न केल्यास' असलेली पातळी. तिचे निव्वळ गुण शून्य आले पाहिजेत. वरच्या उदाहरणात बेसलाइन वजा केली नसती, तर काहीही न करणाऱ्या या प्रकल्पाला ४० गुण मिळाले असते.

तुकडे. एखाद्या प्रकल्पाचे कागदावर दोन समान भाग करा. अ चे भाग केले तर प्रत्येकाचा खर्च ५०, लाभ ५०, आणि धोक्यामुळे होणारी २० गुणांची घट अर्धी होऊन सुरक्षितता ९०. प्रत्येक भागाचे एकूण गुण ३० + ३६ = ६६, दोघांचे १३२. प्रत्यक्षात काहीच बदललं नाही, तरी ९२ चे १३२ झाले. निव्वळ गुणांत २६ + २६ = ५२, आधी होते तेवढेच. ही चाचणी सरळ प्रमाणातल्या गुणांसाठी चोख चालते. वक्र पट्टीत थोडा फरक पडू शकतो, पण तो गुणोत्तरांची क्रमवारी उलटवण्याइतका असू नये.

ज्या संस्थेत मोठा प्रस्ताव तोडून छोटे-छोटे प्रस्ताव पाठवले की मंजुरी मिळते, तिथे हाच दोष असण्याची दाट शक्यता आहे.

## ७. यशाची शक्यता धरायची असेल तर

एकूण गुणांना शक्यतेने गुणू नका. तसं केलं की 'अपयश म्हणजे पट्टीच्या तळाची स्थिती' असा अर्थ निघतो. आधी बेसलाइन वजा करा, मग गुणाकार करा, आणि अपयशालाही वेगळे गुण द्या:

अपेक्षित निव्वळ गुण = शक्यता × (यशाचे गुण − बेसलाइन) + (१ − शक्यता) × (अपयशाचे गुण − बेसलाइन)

यशाचे गुण ८०, बेसलाइन ४०, शक्यता ०.५ आणि अपयश आल्यास परिस्थिती प्रकल्प न केल्यासारखीच, असं धरलं तर उत्तर २०. क्रम उलटा केला, म्हणजे ०.५ × ८० − ४०, तर उत्तर शून्य येतं आणि चांगला प्रकल्प यादीतून गळतो.

सावधान: अपयश म्हणजे दरवेळी 'न केल्यासारखं' नसतं. अर्धवट खोदकाम, तुटलेली जुनी यंत्रणा, गमावलेले ग्राहक अशी स्थिती बेसलाइनच्या खाली असते. तसे गुण द्या.

## ८. एकमेकांवर अवलंबून असलेले प्रकल्प

दोन प्रकल्प एकच अडचण सोडवत असतील, तर एक झाल्यावर दुसऱ्याची बेसलाइन बदलते. दोघांचे निव्वळ गुण बेधडक मिळवले तर एकच फायदा दोनदा मोजला जातो. अशा जोडीसाठी तीन ओळी करा: फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही मिळून. तिन्हींना एकच बेसलाइन लावा, दोघांपैकी काहीच न केल्यास जे होईल ते. या तिन्हींतून जास्तीत जास्त एक निवडायची अट घाला. तीन प्रकल्प गुंतलेले असतील तर अशा सात ओळी होतात. त्याहून मोठा गुंता असेल तर तो आधी एकाच कार्यक्रमाखाली आणून त्याचे दोन-तीन पर्याय मांडणं बरं.

## ९. बेसलाइनवर एकमत नसेल तर

आकड्यावर भांडत बसू नका. निर्णय कोणत्या बेसलाइनला उलटतो ते, म्हणजे उलटबिंदू, काढा. वरच्या उदाहरणात बेसलाइनला 'ब' न म्हणता 'स' म्हणू:

- अ + ड चे गुण १२४ − २स, आणि ब + क + ड चे १३८ − ३स. दोन्ही सारखे होतात ते स = १४ ला.
- एकटा अ ९२ − स. तो अ + ड च्या बरोबरीला येतो स = ३२ ला.

म्हणजे बेसलाइन १४ च्या खाली असेल तर ब, क, ड. १४ ते ३२ मध्ये अ आणि ड. ३२ च्या वर फक्त अ. कोणी ३५ म्हणतं, कोणी ४५, तर वादाचं कारणच नाही, उत्तर एकच आहे. एकाचं मत २८ आणि दुसऱ्याचं ३६ असेल, तर वाद फक्त ड पुरता आहे. अ ला आजच मंजुरी देता येते. प्रत्येक शक्य बेसलाइनला संचात राहणारे प्रकल्प आधी पक्के करा, एकाही संचात न येणारे बाजूला काढा, आणि चर्चेचा वेळ उरलेल्यांना द्या.

## १०. निवड आणि नोंद

चार प्रकल्पांचे १६ संच हाताने तपासता येतात. दहा प्रकल्पांचे १०२४ होतात, तिथे स्प्रेडशीटमधला सॉल्व्हर (अटींत बसणारा सर्वांत चांगला संच शोधून देणारी सोय) वापरा: प्रत्येक प्रकल्पासाठी ० किंवा १, उद्दिष्ट निव्वळ गुणांची बेरीज जास्तीत जास्त करणे, अट एकूण खर्च बजेटपेक्षा जास्त नसणे. अटीत 'बरोबर' नको, 'पेक्षा जास्त नाही' हवं. नाहीतर पैसे संपवण्यासाठी उणे गुणांचा प्रकल्प आत ओढला जातो.

अंतिम तक्त्यासोबत चार गोष्टी जोडा: प्रत्येक प्रकल्पाचं 'न केल्यास' वर्णन, बेसलाइनचे गुण, उलटबिंदू आणि धरलेला कालावधी. पुढच्या फेरीत जुने निव्वळ गुण तसेच उचलू नका. यंदा मंजूर झालेले प्रकल्प तेव्हा बेसलाइनचाच भाग झालेले असतील, आणि नाकारलेल्यांची 'न केल्यास' स्थिती एका वर्षाने पुढे सरकलेली असेल. दुसऱ्या टप्प्यातल्या ओळी नव्याने लिहा. मोजपट्टीची टोकं पुरेशी असतील तर वेटेज तसंच ठेवता येतं.